सतरावा रकाना

चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, एकतीस वर्षं लोकांची कराची विवरणपत्रं भरणाऱ्या गृहस्थांना सगळे रकानेकाका म्हणत. खरं नाव जिन्याच्या वळणावरच्या पाटीवर होतं. पण तिथला दिवा बरीच वर्षं गेलेला असल्याने ते वाचण्याचा प्रसंग कोणावर आला नाही. माणसाच्या आयुष्यात असं काही घडूच शकत नाही, ज्याच्यासाठी करखात्याने एक रकाना ठेवलेला नाही, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते मत ऐकायला कोणाला मागावं लागत नसे.

त्यांची पद्धत अशी. गिऱ्हाईक समोर बसलं की कागद बाजूला सारायचे, पेनाला टोपण लावायचं आणि विचारायचं, "बरं, वर्षभरात घरात काय काय झालं?" गिऱ्हाईक आधी म्हणायचं, "विशेष काही नाही." काका चष्म्यावरून बघत थांबायचे. मग एकेक निघायचं. आई गेली. पाय मोडला, तीन महिने बिनपगारी गेले. बहीण दोन मुलं घेऊन आठ दिवसांसाठी आली, त्याला आता वर्ष झालं. काका "अरेरे" म्हणायचे, ते मनापासून असायचं. आणि त्याच दमात "म्हणजे नऊ, बारा आणि अठ्ठावीस," असं म्हणून टोपण काढायचे. गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक डुगडुगायची. नवरा-बायको आले तर डुगडुगत्या खुर्चीवर बसलेलं माणूस खरं बोलतं, असा त्यांचा अनुभव असल्यामुळे ती दुरुस्त करण्याचा विचार त्यांनी कधी केला नाही.

या पद्धतीवर एके काळी हंगामात दोनशे सव्वीस विवरणपत्रं भरली गेली होती. लोक जिन्यावर बसून राहत. खालचा चष्मेवाला म्हणायचा, "काका, तुमच्या गिऱ्हाइकांमुळे माझी गिऱ्हाइकं आत येऊ शकत नाहीत, आणि आली तर त्यांना वाटतं मीच कर घेतो." आता चष्मेवाल्याची तक्रार नव्हती. मोबाइलवर स्वतःचं स्वतः भरायची ॲपं निघाली होती, आणि जाहिरातीत एक तरुण बाई बाळाला कडेवर घेऊन, हसत हसत, एका बोटाने कर भरत होती. तिला काहीच झालेलं नव्हतं. ना पाय मोडला होता, ना बहीण आली होती.

काका संगणकाला घाबरत होते असं नाही. खात्याच्या नियमाप्रमाणे ते सगळं संगणकावरूनच पाठवायचे. संगणक त्यांना येत होता, पटत नव्हता.

यंदा ॲपची पहिली खबर त्यांना न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर मिळाली. न्हावी त्यांचं अठरा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक आणि ते त्याचं तितक्याच वर्षांपासूनचं.

"काका, राग मानू नका हं," न्हाव्याने मागून सांगितलं. समोरून सांगायची गोष्ट मागून सांगायची सोय त्याच्या धंद्यात आहे. "यंदा मी मोबाइलवरच भरून टाकलं."

"मोबाइलवर."

"वीस मिनिटांत. एकाच्या डोक्याला रंग लावला होता, तो वाळेपर्यंत झालंसुद्धा."

"छान. म्हणजे त्याचे केस काळे आणि तुझे पैसे पांढरे."

न्हावी मोकळेपणाने हसला, त्यावरून त्याच्या मनावरचं ओझं उतरल्याचं कळलं. काकांचं उतरलं नव्हतं. "दुसऱ्या खुर्चीचं भाडं वजा दाखवलंस?"

"ते कुठे विचारलं त्याने?"

"आणि मेहुणा? अजून तुझ्याकडेच ना?"

कात्री थांबली. "हेच ते काका. हेच. तुम्ही विचारता."

"विचारायलाच बसलोय मी तिथे."

"तसं नाही हो. त्या यंत्राचं कसं आहे, 'नाही' म्हटलं की ते पुढे जातं. तुम्ही 'नाही' म्हटल्यावर चष्म्यावरून बघता. मागच्या वर्षी मेहुण्याची बायको त्याला का सोडून गेली ते मला तुमच्यासमोर सांगावं लागलं. घरी आल्यावर बायको दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. ते काय रिटर्नमध्ये लिहिलं तुम्ही?"

"बाराव्या रकान्यात."

"घ्या," न्हावी म्हणाला, आणि कानामागचे केस जरा जास्तच बारीक कापले.

मेहुणा आणि खुर्ची मिळून न्हाव्याचं किती नुकसान झालं, याचा हिशेब काकांनी आरशात बघता बघता मनात केला. आकडा बऱ्यापैकी मोठा होता. ते सांगणार होते. पण गळ्याभोवती कापड आणि मानेशी वस्तरा असताना माणसाने व्यावसायिक सल्ला देऊ नये, एवढं भान त्यांना होतं. शिवाय घराकडे चालताना त्यांना नुकसान आठवत नव्हतं. 'चष्म्यावरून बघता' एवढंच आठवत होतं. एकतीस वर्षं ज्याला ते आपलं कसब समजत होते, त्यातून सुटण्यासाठी लोक पैसे गमवायला तयार होते.

घर म्हणजे लेकीचं घर. चार वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, काही दिवस माझ्याकडे या." ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि एकटी राहायची. ते काही दिवस अजून चालू होते. काका मात्र पाहुणे म्हणून राहत नव्हते. दर महिन्याच्या एक तारखेला ते एक पाकीट तिच्या हातात देत. "घरखर्चातलं माझं अर्धं." ती न मोजता ते ओट्याखालच्या खणात टाकायची. चार वर्षांत पाकिटातली रक्कम बदलली नव्हती, कारण तिने कधी बदलायला सांगितलं नव्हतं.

स्वतःचं विवरणपत्र काका सगळ्यांत शेवटी भरत. शेवटच्या तारखेआधी बरोबर नऊ दिवस. आचाऱ्याने शेवटी जेवावं तसं. त्याला आणखी एक कारण होतं. दुसऱ्यांची विवरणपत्रं भरायचा परवाना असलेल्या माणसाचं स्वतःचं विवरणपत्र तारखेच्या आत स्वीकारलं गेलं नाही, तर पुढच्या वर्षी परवाना रद्द. हे कलम काकांना फार आवडायचं. न्हाव्याचे केस वाढलेले नसावेत, असं ते त्याचं मर्म सांगायचे.

त्या दिवशी त्यांनी पाठवायचं बटण दाबलं आणि चहा ओतून घेतला. कप टेबलावर येईपर्यंत उत्तर आलं होतं. नाकारलं. कारण क्रमांक तीनशे चार.

तीनशे चार त्यांना पाठ होता. 'या करदात्यास अन्य विवरणपत्रात अवलंबून व्यक्ती म्हणून दाखवण्यात आले आहे.' घटस्फोट झालेली जोडपी एकच मूल दोघांच्याही नावावर दाखवत, तेव्हा तो हमखास यायचा. एकदा एका वकीलबाईंनी आणि त्यांच्या आधीच्या नवऱ्याने एकच पोर तीन वर्षं दोन्हीकडे दाखवलं होतं. पोर तेवढ्यात कमावतं झालं. पण तिथे मूल होतं. इथे सदुसष्ट वर्षांचा परवानाधारक होता.

खात्याची चूक, असं ठरवून काकांनी कडक भाषेत पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा फाडला, कारण त्यात 'बेजबाबदार' दोनदा आलं होतं. दुसरा लिहिताना नीट तपशील भरावा म्हणून त्यांनी पडद्यावरचा संदेश पुन्हा उघडला. खाली ते 'अन्य विवरणपत्र' भरणाऱ्याच्या करदाता क्रमांकाचे शेवटचे चार आकडे दिले होते. ते आकडे त्यांनी स्वतःच्या हाताने अकरा वर्षं लिहिले होते. यंदाच लेक म्हणाली होती, "बाबा, हंगामात तुम्हाला दगदग नको. माझं मी ॲपवर भरते." त्यांना ते कौतुकाचं वाटलं होतं.

चहावर साय आली. पत्र त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवलं. घरी जाऊन फाडायला.

उपाय सोपा होता, आणि तोच त्रास होता. दोन वाटा होत्या. एक, लेकीने दुरुस्ती भरून त्यांना आपल्या विवरणपत्रातून वगळायचं. दोन, त्यांनी आपल्या विवरणपत्रात सतराव्या रकान्यात खूण करून पुन्हा पाठवायचं. सतरावा रकाना एका ओळीचा होता: 'मी दुसऱ्या करदात्यावर अवलंबून आहे.' तो बहुधा कॉलेजातली पोरं भरत, सुट्टीत कुठे दोन महिने काम केलेलं असलं तर. काका त्यांना म्हणत, "कर खूण, लाजतोस काय? कधीतरी सुटेलच."

पण लेकीने लिहिलं ते खरं होतं का, हे आधी ठरायला हवं होतं. नियमाच्या अटी तीन. आई किंवा वडील एकाच घरात राहत असावेत. त्यांचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या खाली असावं. आणि घरखर्चाचा अर्ध्याहून जास्त भाग मुलाने उचललेला असावा. पहिली अट उघड होती. दुसरी फक्त काकांना माहीत होती: यंदा चौतीस विवरणपत्रं. हे त्यांनी घरात सांगितलेलं नव्हतं. ते रोज नऊला निघत, सहाला परतत, आणि मधल्या वेळात खात्याची परिपत्रकं वाचत. खात्यातली माणसं धरून जगात ती वाचणारे ते एकटेच असावेत.

राहिली तिसरी. तिच्यावर त्यांची सगळी भिस्त होती. दर महिन्याचं पाकीट काही खोटं नव्हतं.

त्यांनी घरखर्चाचा तक्ता घेतला, आणि भाड्याची ओळ आली तेव्हा पावती हवी म्हणून इमारतीच्या व्यवस्थापकाकडे गेले.

"कुठल्या वर्षीची देऊ?" व्यवस्थापकाने विचारलं. "वाढीच्या आधीची की नंतरची?"

"कसली वाढ?"

"अहो, दोनदा वाढलं की भाडं. ताईंनी सांगितलं नाही?" त्याने काकांचा चेहरा बघितला आणि घाईघाईने म्हणाला, "राहिलं असेल, राहिलं असेल. कामात असतात त्या."

तक्ता पुरा झाला. काकांचा वाटा अडतीस टक्के निघाला. त्यांनी बेरीज पुन्हा केली, मग उलटीकडून केली. अडतीस. मग एकतीस वर्षांत जे कोणाला करू दिलं नाही ते त्यांनी केलं: खाली एक ओळ वाढवली. न्हाणीघराचा नळ बदलला, तीन फळ्या ठोकल्या, भाजी रोज तेच आणत. बाहेरच्या माणसाला याचे किती द्यावे लागले असते? एक्केचाळीस. त्यांच्या लक्षात आलं, की भाजीची पिशवी सोन्याची असती तरी पन्नासला पोचलं नसतं. आणि घरातल्या माणसाचे कष्ट धरता येत नाहीत, हे तर ते गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगत. "सासूबाई मुलं सांभाळतात हे खरं हो, पण खात्याला सासूबाई दिसत नाहीत." ती ओळ त्यांनी खोडली. खोडरबर वापरल्यावरही ती जरा वाचता येत होती.

पाच दिवस ते काही बोलले नाहीत. एका शब्दाचं काम होतं. लेकीला 'काढ' म्हटलं असतं, तर तिने का म्हणून विचारलं नसतं. परवाना राहिला असता, पाकीट अर्ध्याचं राहिलं असतं. फक्त एक कागद खोटा झाला असता, आणि तो त्यांनी भरलेलाही नसता.

रविवारी सकाळी लेक प्रयोगशाळेचा पांढरा कोट इस्त्री करत होती. तारखेला चार दिवस उरले होते.

"तू मला अवलंबून दाखवलंस," काका म्हणाले.

इस्त्री थांबली नाही. "हो."

"न विचारता."

"मला ॲपने विचारलं, बाबा. सोबत कोणी राहतं का. मी हो म्हटलं. मग त्याने तीन प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरं हो आली. आता खोटं कसं लिहू? तुमच्याच हाताखाली वाढलेय."

"उत्पन्नाचं काय ठाऊक तुला? मी कधी बोललो?"

तिने इस्त्री उभी केली. "दर हंगामात तुम्हाला पेनाच्या सहा रिफिली लागतात. मीच आणते. यंदा आणलेल्या सहाच्या सहा तुमच्या खणात आहेत. मागच्या वर्षी दोन उरल्या होत्या."

काकांनी विषय बदलला, म्हणजे हत्यार बदललं. "आणि भाडं? दोनदा वाढलं. मला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

हे ती टोचून बोलली नाही, आणि म्हणूनच ते लागलं. उभ्या गावाला वर्षभराचं विचारणारा माणूस रोज रात्री तिच्यासमोर बसून जेवत होता, आणि भाजीत मीठ आहे का याच्या पलीकडे गेला नव्हता.

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

तिने विचार केला. "नसतं."

"मग?"

"मग काही नाही. मी दुरुस्ती भरते आजच. काढून टाकते तुम्हाला." म्हणून झाल्यावर तिने जीभ चावली. "म्हणजे तसं नाही हो. कागदावरून."

"तुझा परतावा जाईल."

"जाऊ दे."

"आणि खोटं होईल."

"बाबा, एवढंसं खोटं. कोण बघतंय?"

काकांनी खिशातून तक्ता काढून कोटावर ठेवला. "अडतीस टक्के. नळ धरला तर एक्केचाळीस. नळ धरता येत नाही."

तिने कागद उचलला, उजेडात धरला. खोडलेली ओळ तिला दिसली. "नळाचे पैसे लावलेत?" ती हसली. "भाजी आणायचे रोजचे एवढे? बाबा, या भावात मीच येते की तुमच्याकडे कामाला." मग ती हसत नव्हती. तिने तक्ता उलटा करून ठेवला आणि ती आधीच सरळ झालेल्या बाहीवर पुन्हा इस्त्री फिरवायला लागली.

"तुझा तो संगणक आण," काका म्हणाले.

जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी आपलं विवरणपत्र उघडलं. सतराव्या रकान्यापर्यंत ते नेहमीच्या वेगाने गेले. तिथे त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लेक बाजूला उभी होती. ती पाणी आणायला आत गेली. पाण्याची तहान कोणालाच नव्हती. खूण करायला काही लागत नाही, एक टिचकी. चार मिनिटांत उत्तर आलं: 'अभिनंदन! आपले विवरणपत्र स्वीकारले आहे.' सोबत रंगीत कागदाचे तुकडे पडद्यावर वरून खाली पडले. हे खात्याने यंदाच सुरू केलं होतं.

"गेलं?" लेकीने आतून विचारलं.

"गेलं."

ती येऊन शेजारी बसली. अशा वेळी माणूस जे येतं ते करतो. काका म्हणाले, "तुझं दाखव. बघू तरी तुझ्या त्या ॲपने काय भरलंय."

तिने उघडून दिलं. ते वाचत गेले. बेरजा बरोबर होत्या. बेरजा यंत्राच्या बरोबरच असतात. मग त्यांचं बोट थांबलं. "तेवीस रिकामा का?"

"तेवीस काय आहे?"

"अवलंबून व्यक्तीला शारीरिक उणेपण. दृष्टी, श्रवण वगैरे."

ती इकडेतिकडे बघू लागली. "त्याने विचारलं होतं. मी 'नाही' म्हटलं."

"का?"

"का म्हणजे? तुम्हीच म्हणता ना, कान उत्तम आहे, लोकच हल्ली पुटपुटतात. एवढं महागाचं कानाचं यंत्र आणलं, ते कपाटात डबीत पडलंय. मग मी कसं लिहू?"

काका तिच्याकडे बघत राहिले. या वेळी चष्म्यातून. ती त्यांच्या डाव्या कानाकडे बसलेली असल्याने तिला हे सगळं जरा मोठ्याने बोलावं लागलं होतं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं होतं.

"यंत्राची पावती आहे?"

"आहे. पण नको ना, बाबा. एवढं पुरे झालं. एका दिवशी किती..."

"पुरे काय? दीडपट सूट आहे तिथे. त्याने 'नाही' ऐकलं आणि पुढे गेलं, मी कसा जाऊ?" त्यांचा आवाज थोडा चढला. "पावती लागेल. कानाच्या डॉक्टरांचा दाखला लागेल, तो मी आणतो. सोमवारी जाऊन तपासून घेतो. भाड्याच्या पावत्या, दोन्ही वाढींच्या." त्यांनी तक्त्याच्या पाठीवर यादी लिहायला घेतली. "मंगळवारी ऑफिसात घेऊन ये, दुरुस्ती भरून टाकू."

"इथेच भरू की. सगळं उघडंच आहे."

"घरी मी कोणाचं भरत नाही."

ती कागदाकडे बघत होती. मग तिने हळूच, त्यांना ऐकू जाईल इतपत विचारलं, "बरं. किती वाजता येऊ?"

काकांनी पिशवीतून भेटींची वही काढली. मंगळवारचं पान उघडलं, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, आणि वही मिटली.

"कधीही ये," ते म्हणाले.